रायगड जिल्ह्यातील गोड्या पाण्यातील संकटग्रस्त मासे : ओळख, वर्गवारी व नोंद

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस रायगड जिल्ह्यातून समुद्रास मिळतो तो उल्हास, पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री व त्यांच्या उपनद्यांच्या वाटेने. या नद्या लांबीने लहान, उताराने तीव्र व पावसाळ्यात रौद्र असतात. डोंगरातील खडकाळ झरे, मधल्या पट्ट्यातील खोल डोह, सखल भागातील भातखाचरे आणि शेवटी भरतीचे पाणी शिरणारी खाडी असे चार प्रकारचे पाणी थोड्याच कोसांत येथे आढळते. पाण्याच्या प्रत्येक प्रकारात राहणारे मासे निरनिराळे असतात.

किनाऱ्यावरील जिल्हा असल्याने येथे मासा म्हटला की समुद्राचीच आठवण होते. नदीतील व ओढ्यातील माशांकडे त्या मानाने लक्ष कमी जाते. तरीसुद्धा सह्याद्रीच्या पट्ट्यातील गोड्या पाण्याच्या माशांचे महत्त्व मोठे आहे. २०११ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने पश्चिम घाटाच्या संपूर्ण प्रदेशातील गोड्या पाण्याच्या जीवांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात माशांच्या २९० जातींची गणना झाली असून त्यांपैकी १८९ जाती जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. अशा जाती येथून गेल्या, तर त्या जगातून गेल्या असेच समजावयाचे.

'पूर्वी हा मासा पुष्कळ मिळे, आता दिसत नाही,' असे उद्गार गावोगावी ऐकू येतात. ही तक्रार खरी असली तरी तेवढ्यावरून काही उपाय करता येत नाही. कोणता मासा, कोणत्या नदीत, केव्हापासून व किती कमी झाला हे सांगता आले पाहिजे. आणि त्यातील पहिला प्रश्न 'कोणता मासा' हाच होय. नाव चुकले की पुढील सर्व वर्गवारी चुकते व केलेला उपाय कधीकधी अपायही ठरतो. म्हणून ओळख कशी करावी, संकटग्रस्त कोणास म्हणावे आणि गावात नोंद कशी ठेवावी, या तीन गोष्टींचा विचार येथे क्रमाने केला आहे.

लोकांतील नावे व शास्त्रातील नावे

गावातील मासेमाराला माशांची ओळख नसते असे मुळीच नाही. किंबहुना शास्त्रातील कित्येक नावे त्याच्याकडूनच घेतलेली आहेत. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारच्या सेवेत असताना दख्खनच्या प्रदेशाची पाहणी केली व १८३९ मध्ये तेथील माशांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांनी अनेक माशांना कोळ्यांच्या तोंडची मराठी नावेच दिली. शिंगटीचे शास्त्रीय नाव 'मिस्टस सिंगटी', कोळस माशाचे 'हिप्सेलोबार्बस कोलस' आणि दख्खनच्या महसीराचे 'टॉर खुद्री' असे जे आहे, त्याचे मूळ या नोंदीत आहे.

परंतु लोकांतील नावाला एक मर्यादा असते. 'शिंगटी' हे एकच नाव मिशा व काटे असलेल्या चार-पाच जातींना सर्रास दिले जाते. ओढ्यातील लहान खवल्यांच्या माशांना कोठे 'मळे' तर कोठे 'खवली' म्हणतात. त्या नावाखाली कितीतरी निरनिराळ्या जाती मोडतात. उलट एकाच माशाला महाडकडे एक व कर्जतकडे दुसरे नाव असू शकते. त्यामुळे 'मळे भरपूर आहेत' असे म्हणत असतानाच त्यांतील एखादी जात ओढ्यातून नाहीशी झालेली असणे शक्य आहे.

शास्त्रातील नावेही कायमची ठरलेली नसतात, हेही ध्यानात ठेवावे. 'मुसुल्ला' नावाचा मासा साइक्स यांनीच वर्णिला होता. पुढे हे नाव अनेक वर्षे पाठीवर कुबड असलेल्या महसीरासाठी वापरले गेले. २०१३ साली मूळ वर्णनाची पुन्हा छाननी झाली, तेव्हा हा मासा महसीर नसून कोळसाच्या गटातील आहे असे ठरले. तसेच 'पुंटियस' या एकाच गणात पूर्वी घातलेल्या लहान माशांची २०१२ साली 'पेथिया', 'डॉकिन्सिया' इत्यादी वेगवेगळ्या गणांत विभागणी झाली. म्हणून नोंद करताना गावात चालणारे नाव, माशाची लक्षणे व सापडल्याचे ठिकाण ही तिन्ही लिहावीत. शास्त्रीय नाव पुढे बदलले तरी अशी नोंद निरुपयोगी होत नाही.

मासा ओळखण्याची रीत

मासा हाती आल्यावर प्रथम त्याचा रंग पाहण्याची सवय असते. ही सवय सोडावी. रंग हा वय, ऋतू, पाण्याचा गढूळपणा व मृत्यूनंतरचा काळ यांप्रमाणे बदलतो. त्याऐवजी पुढील अवयव क्रमाने पाहावेत.

पहिली गोष्ट खवल्यांची. अंगावर खवले आहेत की अंग गुळगुळीत आहे? खवले असल्यास ते मोठे की बारीक? कल्ल्यापासून शेपटीपर्यंत अंगाच्या बाजूने एक बारीक रेघ जाते. तिला पार्श्वरेखा म्हणतात. या रेघेवरील खवले मोजावेत आणि रेघ शेपटीपर्यंत पोचते की मध्येच तुटते हे पाहावे. लहान खवल्यांच्या माशांत एवढ्या एका लक्षणावरून पुष्कळ निवाडा होतो.

दुसरी गोष्ट मिशांची. मिशा आहेत की नाहीत व असल्यास किती जोड्या, हे तोंड नीट उघडून पाहावे, कारण लहान मिशा ओठाच्या कडेला दडलेल्या असतात. तिसरी गोष्ट परांची. पाठीवर एक पर आहे की दोन, त्याच्या अग्रभागी कठीण काटा आहे काय, काटा गुळगुळीत आहे की करवतीसारखा दातेरी आहे, पोटाखालील पर किती लांब आहे, हे पाहावे. चौथी गोष्ट तोंडाची. तोंड टोकाशी आहे की खालच्या बाजूस, आणि त्याची फट डोळ्यापर्यंत जाते काय, हे टिपावे. शेवटी अंगावरील ठिपके व पट्टे, त्यांची संख्या व नेमकी जागा लिहावी.

या रीतीने जिल्ह्यातील काही माशांचा निवाडा कसा होतो ते पाहू.

महसीराचे खवले अतिशय मोठे असतात. पार्श्वरेखेवर ते साधारणपणे पंचवीसच्या आसपास भरतात. मिशांच्या दोन जोड्या, जाड मांसल ओठ आणि पाठीच्या परात मजबूत गुळगुळीत काटा ही त्याची लक्षणे होत. तळ्यात सोडल्या जाणाऱ्या रोहू माशाशी नवखा माणूस त्याची गल्लत करतो. परंतु रोहूच्या पार्श्वरेखेवर चाळीसच्या वर खवले असतात व त्याच्या ओठांना झालर असते. खवले मोजले की शंका उरत नाही.

शिंगटी, शिवडा व मागूर या तिघांच्या अंगावर खवले नसतात. शिंगटीला मिशांच्या चार जोड्या असून पाठीच्या व छातीच्या परांत काटा असतो, आणि पाठीवर मागील बाजूस चरबीचा एक मऊ पर असतो. या मऊ पराच्या लांबीवरून शिंगटीच्या निरनिराळ्या जाती ओळखण्यास मदत होते. शिवड्याला मिशांच्या दोनच जोड्या असतात, तोंडाची फट डोळ्याच्याही मागे जाते, पाठीचा पर अगदी लहान व पोटाखालील पर फार लांब असतो. मागुराच्या पाठीवर डोक्यामागून शेपटीपर्यंत एकच लांब पर असतो व चरबीचा पर नसतो.

वाम व अहिर हे दोन्ही सापासारखे लांब असल्याने त्यांना एकच समजण्याची चूक वारंवार होते. वामीच्या पाठीवर पराच्या पुढे सुट्या काट्यांची रांग असते व तोंडाचा शेंडा मांसल व टोकदार असतो. अहिराच्या पाठीवर काटे मुळीच नसतात. पाठीचा, शेपटीचा व पोटाखालचा पर एकमेकांस जोडलेला असतो. हा भेद केवळ नावापुरता नाही. वाम नदीतच जन्मते व नदीतच वाढते. अहिर समुद्रात जन्मतो, लहानपणी खाडीच्या वाटेने नदीत चढतो, वर्षानुवर्षे गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा समुद्रात जातो. नदी आडवी बांधली गेली तर वामीचे फारसे अडत नाही, पण अहिराची वाट बंद होते. नदीत वाढणाऱ्या अहिराची जात जागतिक यादीत 'संकटसमीप' वर्गात आहे, तर साधी वाम 'अल्पचिंता' वर्गात आहे. दोघांची नोंद एकाच नावाखाली झाल्यास अहिराची घट वामीच्या संख्येआड लपून राहते.

संकटग्रस्त कोणास म्हणावे?

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ १९६४ पासून धोक्यात असलेल्या जीवांची 'लाल यादी' करीत आला आहे. तिच्यातील वर्ग असे : नामशेष; केवळ पाळीव अवस्थेत उरलेली; अतिसंकटग्रस्त; संकटग्रस्त; असुरक्षित; संकटसमीप; अल्पचिंता; आणि माहिती अपुरी. ज्या जातीचा विचारच अद्याप झालेला नाही तिला मूल्यांकन न झालेली असे म्हणतात. यांपैकी अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त व असुरक्षित या तीन वर्गांतील जातींनाच धोक्यातील जाती म्हणावयाचे.

वर्ग ठरविण्याच्या कसोट्या पाच आहेत. त्यांतील दोन गावपातळीवर समजून घेण्याजोग्या आहेत. पहिली कसोटी घटीची. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांतील जो काळ अधिक असेल त्यात, जातीची संख्या ३० टक्के वा अधिक घटली तर ती असुरक्षित, ५० टक्के वा अधिक घटली तर संकटग्रस्त आणि ८० टक्के वा अधिक घटली तर अतिसंकटग्रस्त ठरते. दुसरी कसोटी क्षेत्राची. जातीचा एकंदर आढळ २०,००० चौरस किलोमीटरांपेक्षा कमी असेल तर असुरक्षित, ५,००० पेक्षा कमी असेल तर संकटग्रस्त व १०० पेक्षा कमी असेल तर अतिसंकटग्रस्त. मात्र क्षेत्र लहान असणे एवढेच पुरेसे नाही. आढळाची ठिकाणे मोजकी किंवा तुटक असणे, ऱ्हास चालू असणे अशा अटींचीही त्याला जोड असावी लागते.

यावरून दोन गैरसमज दूर व्हावेत. दुर्मिळ व संकटग्रस्त हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. एखादा मासा मुळातच थोडा असून पिढ्यान्‌पिढ्या तेवढाच टिकून असू शकतो. उलट आज बाजारात रोज येणारा मासा झपाट्याने घटत असू शकतो. शिवडा हे याचे उदाहरण होय. भारतभर नद्यांत आढळणारा व बाजारात मागणी असलेला हा मासा जागतिक यादीत प्रथम 'संकटसमीप' होता. पुढे तो 'असुरक्षित' वर्गात गेला. दुसरा गैरसमज असा की 'माहिती अपुरी' म्हणजे धोका नाही. त्याचा खरा अर्थ एवढाच की कोणी पुरेसे पाहिलेले नाही. अशा जातींच्या बाबतीत गावातील नोंदीचे मोल सर्वांत अधिक आहे.

वाळण कोंडीचे महसीर

महाड तालुक्यात सावित्रीची उपनदी असलेल्या काळ नदीवर वाळण कोंड नावाचे ठिकाण आहे. नदीच्या पात्रातील खडकांमध्ये येथे खोल डोह असून काठी वरदायिनी देवीचे स्थान आहे. डोहातील मासे देवीचे मानले जातात. भाविक त्यांना चुरमुरे घालतात, परंतु ते कोणी धरीत नाही. हे मासे म्हणजे दख्खनचे महसीर होत. लोकश्रद्धेने राखलेले महसीराचे असे डोह भारतात अन्यत्रही आहेत. तुंगा नदीवरील शृंगेरीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. कायदा व खाते यांची मदत नसताना केवळ श्रद्धेच्या बळावर एक मासा टिकून राहावा, ही गोष्ट कौतुकाची आहे.

या माशाच्या वर्गवारीचा इतिहास उद्बोधक आहे. २०११ च्या आढाव्यात दख्खनचा महसीर 'संकटग्रस्त' ठरला होता. त्यानंतर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या फेरविचारात त्याला 'अल्पचिंता' वर्गात ठेवण्यात आले. याचा अर्थ वाळण कोंडीच्या माशांना आता धोका उरला नाही, असा कोणी करील तर ती मोठी चूक होईल. लाल यादी संपूर्ण जातीचा, तिच्या सर्व आढळाचा विचार करते. अनेक नद्यांत पसरलेली जात एकंदरीत सुरक्षित असूनही एखाद्या नदीतून कायमची जाऊ शकते. जागतिक वर्ग कोणताही असो, काळ नदीतील महसीर हा काळ नदीपुरता एकच कळप आहे आणि तो गेला तर त्याची जागा आपोआप भरून निघणार नाही.

दुसरी गोष्ट डोहाच्या मर्यादेची. महसीर हा स्थिर पाण्यात अंडी घालणारा मासा नव्हे. पावसाळ्यात तो प्रवाहाच्या उलट वर चढतो व वाहत्या, उथळ, खड्या-गोट्यांच्या पात्रात अंडी घालतो. श्रद्धेचे संरक्षण डोहापुरते असते. अंड्यांची जागा डोहाबाहेर असते. डोहात मासा सुखरूप राहिला तरी वरच्या पात्रातील गोटे व वाळू उपसली गेली, बांध घालून वाट अडविली, किंवा चढणीच्या वेळी त्याला जाळ्यात धरले, तर डोहात नवी पिढी येणार नाही. म्हणून ज्या गावात देवाचा डोह असेल तेथे पावसाळ्यात डोहाच्या वरील व खालील पात्रही काही अंतरापर्यंत राखावे, असा ठराव ग्रामसभेने करणे इष्ट होय.

चुकीच्या ओळखीचा परिणाम : कावेरीचा धडा

संवर्धनाचा उद्देश कितीही चांगला असला तरी ओळख पक्की नसताना मासे सोडले तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राशी निगडित आहे. मत्स्यतज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी दख्खनच्या महसीराचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. पुढे १९७० नंतरच्या दशकात लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा वीज कंपन्यांच्या केंद्रात या माशाचे बीज मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले व देशातील अनेक जलाशयांना व नद्यांना पुरविण्यात आले. महसीर वाचविण्याच्या कामातील ही मोठी कामगिरी होती.

त्या काळी दक्षिणेतील महसीरांच्या जातींचे भेद पुरेसे स्पष्ट झालेले नव्हते. निळसर परांचा हा दख्खनचा महसीर कावेरी नदीतही सोडण्यात आला. कावेरीत नारिंगी परांचा व पाठीवर कुबड असलेला तिचा स्वतःचा महसीर होता. पुढील काळात निळ्या परांचे मासे वाढत गेले व कुबडाचा मूळ मासा कमी कमी होत गेला. जगप्रसिद्ध असूनही त्या माशाला नक्की शास्त्रीय नाव नव्हते आणि नाव नसल्याने लाल यादीत त्याची जागाही नव्हती. २०१८ साली तो 'टॉर रेमादेवी' असल्याचे निश्चित झाले व त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' म्हणून यादीत आला. नाव मिळेपर्यंत त्याची बहुतेक नदी त्याच्या हातून गेली होती.

रायगड जिल्ह्यालाही हा धडा लागू आहे. खोपोली येथे १९१५ साली, भिवपुरी येथे १९२२ साली व भिरा येथे १९२७ साली जलविद्युत केंद्रे सुरू झाली. घाटमाथ्यावरील, एरवी पूर्वेकडे वाहून गेले असते असे पाणी या केंद्रांतून खाली पाताळगंगा, उल्हास व कुंडलिका या नद्यांच्या खोऱ्यांत येते. पूर्वेचे पाणी जेथे पश्चिमेस मिळते तेथे सापडलेला मासा मूळचा त्या नदीचा आहे, असे तपासाशिवाय गृहीत धरता येत नाही. म्हणून नोंदीत केवळ नदीचे नाव न लिहिता, केंद्राच्या वरच्या बाजूस की खालच्या बाजूस, हेही लिहावे. तसेच 'मासे वाढावेत' म्हणून कोणत्याही नदीत किंवा ओढ्यात बाहेरचे बीज आपल्या विचाराने सोडू नये. शेततळ्यात मत्स्यशेती करावयाची असल्यास पुराच्या पाण्याबरोबर मासे ओढ्यात जाणार नाहीत अशी जाळी सांडव्यावर बसवावी.

परके मासे

बाहेरून आलेल्या माशांपैकी दोन विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. तिलापिया हा मूळचा आफ्रिकेतील मासा भारतात १९५२ साली आणला गेला. तो थोड्या काळात फार वाढतो व तळ्यातील देशी माशांचे खाद्य व जागा घेतो. आश्चर्याची गोष्ट अशी की हीच जात तिच्या मूळ देशातील नद्यांत धोक्यात असून लाल यादीत 'असुरक्षित' आहे. वर्ग व ठिकाण यांचा विचार एकत्रच केला पाहिजे, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरा मासा आफ्रिकन मागूर. बाजारात त्याला थाई मागूर असेही म्हणतात. भारत सरकारने २००० साली त्याच्या पालनास बंदी केली आहे. हा मासा फार खादाड असून इतर मासे, बेडूक व अंडी काहीही सोडीत नाही. त्याचे अंग बहुधा राखाडी रंगावर काळसर ठिपके व डागांनी चितारलेले असते आणि तो एक मीटरहून अधिक लांब वाढू शकतो. देशी मागूर त्या मानाने लहान राहतो. ओढ्यात असामान्य मोठा, डागाळलेला मागूर सापडल्यास त्याला पुन्हा पाण्यात सोडू नये व मत्स्यव्यवसाय विभागास कळवावे.

वलगण व भातशेती

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसाने ओढे भरले की अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहावर चढून भातखाचरांत व उथळ पाण्यात येतात. याला जिल्ह्यात वलगण म्हणतात. दक्षिण कोकणात यांनाच चढणीचे मासे म्हणतात. वलगणीचे मासे धरणे ही जुनी रीत असून अनेक कुटुंबांच्या ताटात त्या दिवसांत तोच मासा असतो. ही रीत सर्वस्वी बंद करावी असे म्हणणे व्यवहार्य नाही. परंतु चढणारी वाट संपूर्ण अडवून एकूण एक मासा धरला, तर त्या ओढ्याचे पुढील वर्षाचे बीजच संपते. पूर्वी हाताने, टोपलीने किंवा साध्या सापळ्याने मासे धरीत, तेव्हा पुष्कळ मासे निसटून वर जात. बारीक आसाच्या नायलॉन जाळ्यातून पिल्लूही निसटत नाही.

शेतकरी बंधूंना सहज करता येतील अशा काही गोष्टी पुढीलप्रमाणे आहेत. ओढ्याच्या रुंदीचा निदान अर्धा भाग जाळ्यावाचून मोकळा ठेवावा. वलगणीचे पहिले दोन-तीन दिवस मासे वर जाऊ द्यावेत. खाचरात फवारणी केल्यावर लगेच बांध फोडून पाणी ओढ्यात सोडू नये. औषधाचे डबे व पंप ओढ्यात धुऊ नयेत. खाचराचे पाणी काढताना अडकलेली पिल्ले ओढ्यात सोडावीत. उन्हाळ्यात जे डोह आटत नाहीत त्यांतील पाणी पंपाने पूर्ण उपसू नये. संपूर्ण ओढ्याचे मासे त्या दिवसांत तेवढ्याच पाण्यात तग धरून असतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या पावसाळ्यापूर्वी वेळेवर काढल्यास माशांची वाट मोकळी होते.

सुरुंगाच्या दारूने, विषारी झाडपाल्याने किंवा रासायनिक औषधाने मासे मारणे हा तर गुन्हाच आहे. १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग कायद्यापासून स्फोटके व विष यांचा असा वापर निषिद्ध ठरलेला आहे. या पद्धतीत खाण्याजोगे मासे थोडे मिळतात व पिल्ले, अंडी आणि पाण्यातील किडे मात्र सर्वच नष्ट होतात. महाड, रोहे व पाताळगंगा या भागांत औद्योगिक वसाहती नदीच्या जवळ आहेत. अशा ठिकाणी मासे एकाएकी मरून तरंगू लागल्यास ते खाऊ नयेत किंवा विकू नयेत. दिवस, वेळ व जागा टिपून छायाचित्रे घ्यावीत आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ व मत्स्यव्यवसाय विभाग यांना त्याच दिवशी कळवावे, कारण पाण्याचा नमुना उशिरा घेतल्यास कारण हाती लागत नाही.

गावाची नोंदवही

जैवविविधता अधिनियम २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असते व समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. या नोंदवहीत माशांचे पान बहुधा अपुरे राहते. 'मळे, शिंगटी, वाम' अशी नावांची ओळ लिहून काम संपविले जाते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील पद्धतीने हे पान भरावे.

प्रत्येक माशासाठी दिनांक, गाव, नदी किंवा ओढा, पाण्याचा प्रकार (डोह, उथळ प्रवाह, खाचर किंवा खाडी) व मासा धरण्याचे साधन लिहावे. गावातील नाव जसे बोलले जाते तसेच लिहावे. ते शुद्ध करण्याचा यत्न करू नये. नंतर लांबी, खवल्यांची संख्या, मिशांच्या जोड्या, परांची लक्षणे व ठिपक्यांची जागा टिपावी. मासा ओल्या कापडावर डाव्या कुशीस वर ठेवून, पर पसरून, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. मासा जिवंत असेल व संकटग्रस्त असण्याची शंका असेल तर हात ओले करून तो धरावा, छायाचित्र घ्यावे आणि लगेच त्याच पाण्यात सोडावा. नोंदीसाठी म्हणून दुर्मिळ मासा मारू नये. ज्याची ओळख पटत नाही त्यापुढे अंदाजाने नाव न लिहिता 'ओळख बाकी' असे लिहावे. चुकीच्या नावापेक्षा रिकामी जागा बरी.

गावातील वयोवृद्ध मासेमारांना विचारून कोणता मासा पूर्वी कोठे मिळे व शेवटी कोणत्या वर्षी पाहिला, हेही लिहून घ्यावे. वर्ष आठवत नसल्यास मोठा पूर, धरणाचे काम, लग्नकार्य अशा एखाद्या ज्ञात घटनेचा आधार घ्यावा. आदिवासी वाड्यांतील स्त्रिया ओढ्यातील लहान मासे नित्य धरतात. त्यांच्याकडील माहिती पुष्कळदा पुरुषांच्या माहितीपेक्षा अधिक नेमकी असते. ती घेतल्याशिवाय नोंदवही पूर्ण समजू नये.

ओळख पटविण्यासाठी छायाचित्रे व नोंदी अलिबाग येथील मत्स्यव्यवसाय विभागाचे कार्यालय, दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ व भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पुणे येथील केंद्र यांच्याकडे पाठविता येतील. एकच नोंद फार सांगत नाही. परंतु एकाच डोहाची, एकाच महिन्यात, एकाच साधनाने घेतलेली नोंद दहा वर्षे सलग राहिली, तर लाल यादीच्या पहिल्या कसोटीला हवा असणारा आकडा गावाच्या वहीतच तयार होतो. कोणतीही मोठी संस्था प्रत्येक ओढ्यावर दरसाल येऊ शकत नाही. तेथे राहणारा माणूसच हे काम करू शकतो.

वाळण कोंडीच्या भाविकांनी माशाचे शास्त्रीय नाव माहीत नसताना त्याला राखले. आता त्या श्रद्धेला नेमक्या ओळखीची व नोंदीची जोड मिळाली, तर डोहाबाहेरचा अहिर, शिवडा व खाचरातील लहानसा मळाही राखता येईल. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील एक तरी डोह व एक तरी ओढा निवडून त्याची पहिली नोंद करावी.